सराफ्यातून परत आलेला स्वार

सराफ्यातल्या सोनाराने चार देव उजळून दिले आणि पाचवा कागदात गुंडाळून तसाच त्रिंबकच्या हातावर ठेवला.

धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाआधी घरचे देव उजळून आणायचे आणि मगच हळदीला हात लावायचा, ही त्रिंबकच्या घरची रीत. देव असायचे त्याच्या आईकडे, आक्काबाईकडे. ती खुलताबादच्या पलीकडे डोंगरावरच्या वस्तीत राहायची आणि लग्नासाठी शहरात मुकुंदवाडीला लेकाकडे आली होती. येताना देव फडक्यात बांधून कमरेला खोचून आणले होते. चांदीचे चार टाक आणि घोड्यावर बसलेला खंडोबा, बोटाच्या दोन पेरांएवढा. वर्षानुवर्षं हळद-भंडारा माखून खंडोबा असा झाला होता की घोडा कुठे संपतो आणि देव कुठे सुरू होतो, हे सांगता येत नव्हतं.

"हा धातूचा नाही, त्रिंबकराव," सोनार म्हणाला. "आधी ब्रश मारला म्हणून वाचला, नाहीतर उजळायच्या तेजाबी पाण्यात टाकताच रंग उतरला असता. ह्यात धातू म्हणाल तर ही तलवार. तीही टाचणी आहे."

त्रिंबकने कागद उघडला. सोनाराचा ब्रश फिरला होता तेवढ्या जागेवरची हळद निघाली होती आणि खालून घोड्याची झूल दिसत होती. झूल निळी. तिच्या काठावर एक लाल रेघ, दोऱ्याहून बारीक, कुठेही न हललेली. ती रेघ त्रिंबकने ओळखली. ती त्यानेच काढली होती.

तेव्हा त्रिंबक जेमतेम पंचविशीचा होता आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तू ओतणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मशीनवर उभा राहायचा. बाटल्यांची बुचं, विजेच्या खटक्यांची झाकणं असलं काम. मेंढपाळाच्या घरातला पगारावर गेलेला तो पहिलाच. एका वर्षी मुंबईच्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याने वेगळंच काम पाठवलं. प्लास्टिकच्या एका फांदीला चिकटलेले घोडे, माणसं, पाय, हात, तलवारी. घेणाऱ्याने ते तोडायचे, जोडायचे, रंगवायचे. खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचं माप. माणसं कुठल्याशा युरोपातल्या फौजेतली होती, उंच टोप्यांची.

साच्यात प्लास्टिक पुरतं भरलं नाही की घोड्याचा कान नाहीतर स्वाराची तलवार अर्धवट राहायची. असा माल पुन्हा दळायला जायचा. तो दळायला जाण्याआधी त्यातले मूठभर उचलायची परवानगी स्टोअरकीपर काकासाहेबांनी मालकांकडून काढली.

काकासाहेब वैजापूरकडचे. घरी जमीन, कांदा, कपाशी, आणि तरी हौस म्हणून शहरात नोकरी. त्रिंबकपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. व्यापाऱ्याच्या नमुन्याच्या खोक्यावर एक चित्र होतं. चार प्रौढ माणसं मोठ्या टेबलाभोवती उभी आहेत आणि टेबलावर ह्याच सैनिकांच्या दोन फौजा समोरासमोर. काकासाहेबांच्या डोक्यात ते चित्र बसलं. शहागंजच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी ह्या खेळावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं, अर्धं समजून घेतलं आणि उरलेले नियम स्वतः केले. घोडदळ एका खेपेला आठ इंच सरकेल, पायदळ चार. कोण मेलं, कोण पळालं, ते सापशिडीचा फासा सांगेल.

लढाई कुठली, हा प्रश्नच नव्हता. काकासाहेबांच्या गावापासून पालखेड जवळ. तिथे पेशव्यांच्या घोडदळाने निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली होती. काकासाहेबांना ती लढाई आवडायची ती एका कारणासाठी. "त्या लढाईत लढाई झालीच नाय फारशी," ते म्हणायचे. "पाणी अडवलं, संपलं." वैजापूर तालुक्यातल्या माणसाला हे कळायला इतिहास वाचावा लागत नाही, असंही वर सांगायचे.

निजामाची बाजू काकासाहेबांनी घेतली, हत्ती करायला मिळेल म्हणून. घोडदळ त्रिंबककडे आलं. उंच टोप्या ब्लेडने कापायच्या, एम-सीलची पागोटी वळायची, खराट्याच्या काडीचे भाले करायचे. रंग पाट्या रंगवणाऱ्याकडचा. मुकुंदवाडीच्या खोलीत दोन ट्रंकांवर जुनं दार टाकून रविवारी त्याच्यावर पालखेड मांडलं जायचं. त्या घोडदळाचा म्होरक्या त्रिंबकने सगळ्यांत मन लावून केला. अर्धवट तलवारीच्या जागी टाचणी चपटी करून बसवली. झुलीच्या काठाला लाल रेघ काढली.

तो म्होरक्या एके दिवशी नाहीसा झाला. दोघांनी खोली उलथीपालथी केली. मग काम आटलं, व्यापाऱ्याने साचे परत नेले, पुढे कारखानाही बंद पडला. त्रिंबक वाळूजला दुसऱ्या कारखान्यात लागला, काकासाहेब शेतीकडे गेले. बायको बानाबाईने एकदा विचारलं की माळ्यावरच्या खोक्याचं काय करायचं, आणि त्रिंबक म्हणाला, दे देऊन. जुन्या प्लास्टिकच्या बदल्यात टब देणारी बाई गल्लीत आली होती. पेशव्यांच्या घोडदळाच्या मोबदल्यात एक निळा टब आला आणि तिन्ही लेकरांच्या आंघोळी त्यात झाल्या. त्रिंबकला त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही. तेव्हा टबच हवा होता.

आता म्होरक्या सराफ्यातून परत आला होता.

तो देवांत कसा गेला, हेही त्रिंबकला उभ्या उभ्याच समजलं. म्होरक्या हरवला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मेंढरं घेऊन शिवना ओलांडताना आक्काबाईचा पितळेचा खंडोबा पाण्यात पडला होता. तिने दोन दिवस नदीत चाचपलं होतं आणि मग अन्न टाकलं होतं. पुढे ती लेकाकडे आली, आणि परत गेल्यावर तिने निरोप पाठवला की देव सापडला, तुझ्या खोलीत ज्वारीच्या पोत्यामागे येऊन बसला होता. तिला तो सापडला तेव्हा त्रिंबक कारखान्यात पाळीवर होता. पितळेचा देव इथवर कसा येईल, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. आईचा जीव थाऱ्यावर आला, एवढं त्याला पुरलं होतं.

सोनाराने मार्ग सुचवला. ह्याच्यावरून मेणाचा ठसा घेऊन चांदीचा ओतून देतो. नजर अधू झालेल्या म्हातारीला काय कळतंय. तुमचं खेळणं तुम्हाला राहील, देवही खरा होईल.

त्रिंबकने वैजापूरला फोन लावला. घडलं ते सगळं काकासाहेबांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तलवार शाबूत आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाले की निजामाची अख्खी फौज हत्तीसकट त्यांच्याकडे आहे, बियाण्याच्या कोठीत, उंदीर न लागता. आणि मग अगदी सहज, काल बोलणं अर्ध्यावर राहिलं असावं तसं, "चांदीचा करून घे आन् म्होरक्या ठेव बाजूला. पालखेड मांडू."

त्रिंबकने तसंच केलं. आईला फसवतोय असं त्याने स्वतःला म्हटलं नाही. खोट्याच्या जागी खरं ठेवतोय, असं म्हटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी आक्काबाईने पाट मांडला, त्यावर गहू पसरले आणि उजळलेले देव एकेक करून बसवायला घेतले. चारी टाक डोळ्यांपाशी नेऊन पाहिले, गव्हावर ठेवले. पाचवा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.

"ह्यो आपला नाय," ती म्हणाली.

"आपलाच हाय, आये. उजळला म्हणून तसा दिसतोय."

"दिसाया मला कुठं दिसतंय." तिने तो तळहातावर वर-खाली केला. "उजळल्यावर देव जड व्हतो व्हय?"

आक्काबाई मग पाटाकडे तोंड करूनच बोलत राहिली. पोलीस ॲक्शनच्या वेळी ती आईच्या कडेवर होती. चालायला लागली तेव्हापासून मेंढरांमागे. दर उन्हाळ्यात वस्ती उठायची आणि गोदावरीच्या काठाने खाली जायची. देवांचं गाठोडं तिच्याकडे असायचं. चांदीचे टाक पातळ, पण संध्याकाळपर्यंत कंबर काचायची. नदीतून परत आलेल्या ह्या देवाचा भार मात्र तिला कधीच लागला नाही. पितळेचा होता तेव्हा लागायचा. परत आला तो हलका होऊन आला. म्हातारपणी आपल्याला जड नको व्हायला म्हणून त्याने तसं केलं, असं तिने धरलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आन् आता लग्नाच्या तोंडावर जड झाला," ती म्हणाली. "काय तरी चुकलंय आपलं. उद्या मला शहराजवळच्या साताऱ्याला घेऊन चल, खंडोबाला कौल लावते. तवर हळद लावायची नाय."

बानाबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मांडव घातलेला, पाहुणे वाटेला लागलेले, आणि देवाने कौल उजवा दिला नाही तर आक्काबाई पुढे काहीच होऊ देणार नाही, हे दोघांना माहीत होतं. पण त्रिंबकच्या मनात त्या क्षणी मांडव नव्हता. इतकी वर्षं एका गोष्टीच्या आधारावर चाललेली म्हातारी त्याला समोर दिसत होती, आणि ती गोष्ट एका कपाटाच्या खणात, सोनाराच्या कागदात पडलेली होती. न सांगितलं तर तिचा देव रुसलेला राहणार. सांगितलं तर देवच राहणार नाही.

तो उठला, खणातून स्वार काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

तिची बोटं मिटली. तिने जोखलं नाही, जोखायची गरज नव्हती.

"ह्यो," ती म्हणाली.

मग त्रिंबकने सांगितलं. कारखाना, मशीन, फांदी, टोपीचं पागोटं, टाचणीची तलवार, काकासाहेबांचा खेळ, ज्वारीचं पोतं. सोनाराचंही सांगितलं. सगळं झाल्यावर आक्काबाईने विचारलं, "कशाचा हाय म्हनलास?"

"प्लास्टिकचा."

"बादलीचं असतं तसलं?"

"तसलंच. जरा कडक."

"आन् तू केला."

"अर्धा मशीननं केला. अर्धा म्या."

बाहेर मांडवाला झालर लावणारा माणूस शिडीवरून कुणाला तरी हाका मारत होता. आक्काबाई म्हणाली, "मंग माझा पितळेचा शिवनेतच ऱ्हायला."

हे त्रिंबकच्या ध्यानातच आलं नव्हतं. सापडलेला देव काढून घेताना आपण हरवलेला देव तिला पुन्हा हरवून देतोय, हे त्याला आत्ता दिसलं. तो खाली बसला.

"ऱ्हायला तर ऱ्हायला," आक्काबाई म्हणाली. "नदीत हाय म्हंजी काय वंगाळ जागी नाय." तिने मूठ उघडून स्वार डोळ्यांजवळ नेला. "त्या दुष्काळात सगळ्यांची मेंढरं मेली, आपली निम्मी वाचली. म्या ह्याच्याच पाया पडले व्हते. तुझं पोट फाडलं तवा ह्योच व्हता उशाला. त्यानं एकदाबी म्हनलं नाय, म्या तो नाय."

त्रिंबकचं अपेंडिक्स काढलं तेव्हा ती दवाखान्यात देव घेऊन बसली होती. म्हणजे त्याचा म्होरक्या त्याच्याच उशाशी होता आणि तो त्याला घरभर शोधून विसरून गेला होता.

"आन् एक हाय," आक्काबाई स्वाराला भंडारा लावत म्हणाली. "चांदीचा दरसाली काळा पडतो. ह्यो पडला नाय कधी. सोनाराची कटकट नाय."

बानाबाईला हसू आवरलं नाही. आक्काबाईही हसली असावी. तिची पाठ होती म्हणून नक्की सांगता येत नाही. प्लास्टिकचा स्वार पाटावर बसला. चांदीच्या नव्या देवाचं काय करायचं, असं बानाबाईने विचारलं. "आलाय तर बसू दे बाजूला," म्हातारी म्हणाली. "पर ह्योच म्होरं." हळद ठरल्या दिवशी लागली.

लग्न पार पडलं. वस्तीवर परत जाताना आक्काबाईने लेकाला सांगितलं की तुला तुझा लागत असेल तर दुसरा कर, हा आता मागू नको. त्रिंबक म्हणाला, नाही मागत. आणि त्या आठवड्यात त्याने मुलाकडून मोबाइलवर एक खोकं मागवून घेतलं. बहात्तराव्या हिश्शाचं घोडदळ, परदेशातलं, बारा घोडे. खोकं उघडल्यावर प्लास्टिकचा वास आला. आपल्या तरुणपणाला वास असेल तर हाच, असं त्याला वाटलं.

काम सोपं नव्हतं. एका डोळ्यात भिंग बसवलेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. फांदीवरून तलवार तोडताना तिसऱ्याच स्वाराची मोडली. लाल रेघ काढायला घेतली की सुरुवात झुलीवर व्हायची आणि शेवट घोड्याच्या पायावर. बानाबाईने भरतकामाचा दिवा आणून दिला आणि हात टेकायला उशी दिली. पावसाळा संपेपर्यंत घोडदळ उभं राहिलं. जवळून पाहू नये असं. लांबून घोडदळ.

फक्त म्होरक्या जमेना. चार केले, चारही खोडले. प्रत्येक वेळी त्याला दिसायची ती आईच्या देव्हाऱ्यातली झूल. ती रेघ काढणारा हात आता त्याच्याकडे नव्हता, पण तो हात एके काळी होता ह्याचा पुरावा जगात एकच शिल्लक होता. तो शिल्लक राहिला कारण एका बाईने तो देव समजून जपला. त्याने स्वतः ठेवला असता तर बाकीच्यांबरोबर टबात गेला असता. हा हिशेब त्याला जितक्या वेळा कळायचा तितक्या वेळा तो ब्रश खाली ठेवून चहा करायला सांगायचा.

चंपाषष्ठीला आक्काबाई पुन्हा देव घेऊन मुकुंदवाडीला आली. त्याच्या पुढच्या रविवारी काकासाहेब वैजापूरच्या एसटीने आले, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात कापसात गुंडाळलेली निजामाची फौज. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर टाकली. स्टीलची ताटली पाण्याचा डोह म्हणून ठेवली. काकासाहेबांनी हत्ती मांडला आणि समोरच्या घोडदळाकडे पाहून म्हणाले, "पेशवे मेहुणीच्या लग्नाला निघालेत जणू. रंग का हा. आन् म्होरक्या कुठाय?"

त्रिंबकने चौथा पुढे केला. काकासाहेबांनी चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला आणि सभ्यपणे परत चादरीवर ठेवला.

आक्काबाई खुर्ची ओढून टेबलापाशी बसली होती. तिने तो नवा म्होरक्या मागून घेतला आणि बोटांनी चाचपला.

"ह्यो नाय जमला तुला," ती म्हणाली. "तवा हात चांगला व्हता." मग ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि मूठ मिटून आली. जागरणाला देव पाटावरून उतरून धान्याने मांडलेल्या चौकात येतो, ती म्हणाली, तर इथे चादरीवर यायला त्याला काय हरकत. दोन गोष्टी सांभाळायच्या. दिवा लागायच्या आत परत बसवायचा. आणि त्याला मारायचं नाही.

नियमांचा प्रश्न आला तसे काकासाहेब ताठ झाले. म्होरक्यावर फासा टाकायचा नाही तर खेळ कसला, असं त्यांनी मावशींना समजावून पाहिलं. निजामावर हा अन्याय आहे.

"मंग त्यानं दुसरीकडं जावं लढाया," आक्काबाई म्हणाली.

काकासाहेबांनी त्रिंबककडे पाहिलं. त्रिंबक चादरीची सुरकुती काढत होता. शेवटी काकासाहेबांनी नियमांच्या पुठ्ठ्यावर पेनने एक ओळ वाढवली: खंडोबावर फासा नाही.

खेळ दुपारभर चालला. त्रिंबक पहिल्या तासात डावी बाजू हरला, कारण त्याचा फासा एक आणि दोनच्या वर जाईना. काकासाहेबांचा हत्ती चादरीच्या मध्यापर्यंत आला. पण त्यांना डोहाकडे वळायचं होतं, आणि डोहाच्या काठावर भंडाऱ्याने पिवळा झालेला, टाचणीची तलवार उगारलेला स्वार उभा होता. त्याला मारता येत नव्हतं. वळसा घालायला चाली पुरत नव्हत्या. काकासाहेबांनी फूटपट्टीने तीनदा मोजलं.

"पाणी अडवलं," ते म्हणाले आणि फासा डब्यात टाकला. "संपलं."

बानाबाईने चहा आणला. आक्काबाईने टेबलावर हात पुढे केला, आणि काकासाहेबांनी स्वतः स्वार उचलून तिच्या तळहातावर ठेवला. ठेवताना त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. इतक्या वर्षांनी हातात घेतल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं.

"बघा," आक्काबाई म्हणाली. "लागतो का काय भार?"

"नाय, मावशी," काकासाहेब म्हणाले. "कायच नाय."

तिने स्वार पदरात घेतला आणि दिवा लागायच्या आत देव्हाऱ्यात नेऊन बसवला. चांदीच्याच्या पुढे.